आंदण कुणाचे, दिले कुणी?

मुंबई पोर्तुगीजांनी इंग्रजांच्या राजाला लग्नात आंदण दिली, हे वाक्य ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. शाळेतल्या पोराला विचारा, गाडीत शेजारी बसलेल्या गृहस्थाला विचारा, तो चटकन हेच सांगेल. लग्नाच्या पंगतीत देण्याघेण्याचा विषय निघाला म्हणजे कुणी तरी काका मान डोलावून हे वाक्य टाकल्याशिवाय राहत नाहीत. वर पुरवणी असतेच : ‘आणि त्या शहाण्याने ती वर्षाला दहा पौंडांवर कंपनीला देऊन टाकली!’ मंडळी हसतात, जिलबीचे ताट पुढे सरकते आणि मुंबईचा इतिहास तिथेच संपतो.

माझे या वाक्याशी भांडण आहे. ते सपशेल खोटे आहे असे मी म्हणत नाही. तह झाला, मुलगी दिली, बेट दिले, हे सारे घडले आहे. पण अर्धे सत्य खोट्यापेक्षा चिवट असते. खोट्याला केव्हा तरी पुरावा आडवा येतो. अर्ध्या सत्याला पुरावे मिळत राहतात. या वाक्यात बेट ही एक वस्तू आहे, देणारा एक राजा आहे, घेणारा दुसरा राजा आहे. त्या बेटावर माणसे होती, त्यांची भाताची खाचरे होती, त्यांचे माड होते, त्यांची देवी होती, याला त्यात जागाच नाही. आपल्याच शहराची जन्मकथा आपण अशी सांगावी याचा मला राग येतो. दिवाळी अंकात राग काढू नये असा काही नियम नाही. नरकचतुर्दशीला आपण अंगणात कारीट फोडतोच. एक कारीट या वाक्याच्या नावानेही फुटू द्या.

हे भांडण नीट मांडायचे तर एका घराची गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईच्या कोटात एशियाटिक सोसायटीची पांढऱ्या पायऱ्यांची भव्य इमारत आहे. तिच्या मागच्या बाजूला, बंदराच्या अंगाला, नौदलाच्या हद्दीत एक जुने आवार आहे. इंग्रजी अमदानीत त्याला ‘बॉम्बे कॅसल’ म्हणत. आज गोद्यांच्या भरावामुळे समुद्र दूर गेला आहे. पण पूर्वी पाणी तिथून हाकेच्या अंतरावर होते. समोर बंदर, त्यात घारापुरीचे बेट, पलीकडे मुख्य भूमीचे डोंगर. अशा मोक्याच्या जागी पोर्तुगीजांच्या वेळी एक वाडा उभा होता. भोवती बाग, बागेपलीकडे नारळी आणि भातशेती. शहर नव्हते, पेठ नव्हती. एक जमीनदार, त्याचा वाडा आणि त्याची कुळे, एवढाच तो संसार. कोकणातल्या कुठल्याही खोताच्या घराशेजारी हा वाडा नेऊन ठेवला असता तर फारसा परका वाटला नसता. आजच्या अवाढव्य मुंबईच्या किल्ल्याचे बीज या वाड्यात आहे.

हे बेट पोर्तुगीजांकडे आले कसे? गुजरातचा सुलतान बहादूरशहा मोगलांच्या भीतीने कोंडीत सापडला होता. त्याने डिसेंबर १५३४ मध्ये वसईच्या तहाने वसई आणि तिच्या अंमलातली बेटे पोर्तुगीजांना दिली. म्हणजे ‘आंदण’ मिळण्यापूर्वी सव्वाशे वर्षे मुंबई एकदा अशीच कागदावर दिली गेली होती. तेव्हाही देणारा दूर होता, घेणारा दूरचा होता आणि ज्यांच्या पायाखालची जमीन दिली गेली त्यांना त्याची वार्ता बहुधा नवा वसुलीवाला दारात उभा राहिला तेव्हाच कळली असेल. पोर्तुगीजांनी गावे आणि बेटे आपल्या माणसांना ठराविक वार्षिक खंडावर लावून दिली. या खंडाला त्यांच्या भाषेत ‘फोरो’ म्हणत. मुंबईतल्या फोरास रोडचे नाव त्यातूनच आले. त्या रस्त्याचे नाव घेताना लोक नाक मुरडतात; पण चारशे वर्षांपूर्वीच्या शेतसाऱ्याचा शब्द त्याने जपून ठेवला आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

मुंबईचे बेट या रीतीने ज्याच्याकडे आले, तो कुणी सरदार नव्हता. तो वैद्य होता. त्याचे नाव गार्सिया द ऑर्ता. बंदरावरचा वाडा त्यानेच उभारला असे मानण्याचा प्रघात आहे. त्याचे आईबाप स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा ते पोर्तुगालात आले. तिथे काही वर्षांनी सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले. मुलगा शिकला, वैद्य झाला, लिस्बनला अध्यापक झाला आणि १५३४ साली गोव्याला आला. पोर्तुगालात धर्मसमीक्षेचे न्यायालय, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात, ते १५३६ साली सुरू झाले. म्हणजे संकट मागे लागण्याआधी दोन वर्षे हा गृहस्थ समुद्रापार निघून आला होता. पण संकटालाही गलबतात बसता येते. १५६० साली ते न्यायालय गोव्यातच येऊन थडकले.

या माणसाने १५६३ साली गोव्यात एक पोर्तुगीज ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधे हा त्याचा विषय. तो संवादाच्या रूपात लिहिला आहे : एकीकडे युरोपातून नुकताच आलेला पुस्तकी पंडित, दुसरीकडे स्वतः ऑर्ता. पंडित जुन्या ग्रंथांचा हवाला देतो आणि ऑर्ता म्हणतो, मी डोळ्यांनी पाहिले ते ऐक. कामोइंश या पोर्तुगीज महाकवीची छापून आलेली पहिली कविता याच पुस्तकाच्या आरंभी आहे. पुढे चारच वर्षांत त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पला निघाला आणि युरोपभर वाचला गेला.

आपल्या दृष्टीने या ग्रंथात मौजेच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पटकीच्या रोगाचे वर्णन करताना तो इथल्या लोकांचा शब्द देतो, तो आपला ‘मोडशी’. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले आणि फ्रेंचांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा होऊन बसला. आपल्या आजीच्या बटव्यातला शब्द युरोपच्या वैद्यकात असा हिंडून आला! आंब्याच्या प्रकरणात मुंबईहून त्याचे कूळ आंब्यांची करंडी घेऊन गोव्याच्या दारात येते आणि ऑर्ता मोठ्या प्रौढीने सांगतो की, माझ्या त्या बेटावर एक आंबा वर्षातून दोनदा फळतो. घारापुरीच्या आणि साष्टीतल्या लेण्यांबद्दलही तो लिहितो. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे तो वैद्य म्हणून जात असे. त्या दरबारातल्या हकिमांशी झालेल्या चर्चाही त्यात आल्या आहेत.

वसई प्रांतातल्या लोकांचे वर्णनही त्यात आहे. भात पिकवणारे ‘कुरुंबी’, म्हणजे आपले कुणबी. बागा राखणारे माळी. हत्यार बाळगणारे पाईक. वसुली करणारे ‘परू’, म्हणजे प्रभू. इंग्रजांच्या पोवाड्यात ज्या बेटावर खडक, चिखल आणि मूठभर कोळ्यांच्या झोपड्यांखेरीज काही नव्हते, त्या मुलखाची ही घडी इंग्रज येण्याच्या शंभर वर्षे आधीची आहे. शेत करणारा आहे, बाग राखणारा आहे, पहारा देणारा आहे आणि हिशेब ठेवणाराही आहे. मग ‘इंग्रजांनी शून्यातून मुंबई केली’ हे जे आम्हाला पढवले गेले, त्यातले शून्य कुठले? कुणब्याच्या खाचराला शून्य म्हणायचे असेल तर गोष्ट वेगळी.

आता कुणी म्हणेल, या परदेशी जमीनदाराचे एवढे गोडवे कशाला? मी गोडवे गात नाही. ऑर्ता मुंबईचा धनी होता. पण राहत असे गोव्यात. खंड मुंबईच्या कुळांनी भरायचा आणि आंब्यांची करंडी गोव्याला जायची. त्याच्या पुस्तकात अंतोनिया नावाची एक दासी आहे. चर्चा रंगली की धनी हाक मारतो आणि ती औषधाचे झाड, फळ, मूळ आणून पुढे ठेवते. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही त्यात येतो. ऑर्ताचे मोठेपण हे की, त्याने या माणसांना आपल्या पुस्तकातून पुसून टाकले नाही. त्याच्यानंतर मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांना तेवढेही जमले नाही.

आणि या धन्याचे पुढे काय झाले? १५६८ साली तो गोव्यात वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला, ती गुप्तपणे ज्यू धर्म पाळते या आरोपावरून, गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० साली इन्क्विझिशनने मेलेल्या ऑर्ताचीही हाडे थडग्यातून उकरून जाळली. गुन्हा तोच. पणजीत आज त्याच्या नावाने एक उद्यान आहे. मुंबईत, ज्या बेटाला तो ‘माझे बेट’ म्हणत असे, तिथल्या सामान्य माणसाला त्याचे नावही ठाऊक नसते. मुंबईच्या पहिल्या वाड्याचा धनी स्वतःच देशोधडीला लागलेल्या घराण्यातला होता आणि मेल्यावरही त्याला सुखाने पडू दिले नाही, ही कथा त्या लग्नाच्या कथेहून किती मोठी आहे! पण तिच्यात नवरा-नवरी नाहीत, म्हणून ती पंगतीत सांगितली जात नाही.

वाडा मात्र राहिला. ऑक्टोबर १६२६ मध्ये इंग्रज आणि डच यांच्या आरमारांनी मिळून मुंबईवर हल्ला केला आणि तो जाळला. पुढे ज्या इंग्रजांनी तिथे निशाण लावले, त्यांची त्या वाड्याशी पहिली ओळख ही अशी झाली. आग लावणारा पाहुणा पस्तीस वर्षांनी जावई होऊन आला, एवढाच फरक.

आता त्या प्रसिद्ध लग्नाकडे वळू. २३ जून १६६१ रोजी तह झाला. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ही इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला द्यायची ठरली. तिच्यासोबत वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेतले टँजिअर आणि मुंबईचे बेट. आपल्याकडे हुंडा निराळा आणि आंदण निराळे. हुंडा मोजून घेतात, आंदण लेकीच्या मायेने देतात. मुलीसोबत गाय दिली, तिच्यासोबत राबायला माणूस दिले, ते आंदण. या व्यवहारात माया कुठे आहे? पोर्तुगाल तेव्हा स्पेनशी जिवावरची लढाई लढत होते आणि पूर्वेकडे डच त्याची ठाणी एकामागून एक गिळत होते. त्यांना इंग्लंडचे सैन्य आणि आरमार हवे होते. मुंबई ही त्या मदतीची किंमत होती. बाजारातल्या सौद्याला आपण आंदण म्हणावे आणि त्यावर लग्नातला विनोद करावा, यात त्या सौद्याचा हिशेब झाकला जातो. तहातल्या राजकन्येला तरी कुणी विचारले होते? एका सौद्यात दोन मुकी माणसे होती : एक नवरी आणि एक बेट.

घेणाऱ्यांना या बेटाची माहिती किती, हेही पाहा. सॅम्युअल पेपिस हा लंडनच्या आरमार खात्यातला अधिकारी. त्याची रोजनिशी जगप्रसिद्ध आहे. १६६३ साली त्याने तीत या प्रकरणावर चरफड केली आहे : पोर्तुगीजांनी आपल्याला फसवले आणि बेटही लहान, दरिद्री निघाले. देणाऱ्यांच्या बाजूला मात्र एक माणूस जागा होता. आंतोनियु द मेलु द कास्त्रु हा गोव्याचा पोर्तुगीज राज्यपाल. सर अब्राहम शिपमन शेकडो सैनिक घेऊन १६६२ साली मुंबईच्या बंदरात आला, तेव्हा या राज्यपालाने त्याच्या अधिकारपत्रात खोट काढून बेट द्यायचे नाकारले. ज्या दिवशी इंग्रज मुंबईत ठाण मांडतील त्या दिवशी हिंदुस्थान हातचा गेला असे समजा, अशा अर्थाचे पत्र त्याने आपल्या राजाला लिहिले. शिपमन आपली माणसे घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिला. तिथल्या रोगराईत बहुतेक सैनिक गेले आणि एप्रिल १६६४ मध्ये तो स्वतःही गेला. राजांच्या सौद्याची किंमत कोण भरतो, याचे हे आणखी एक उदाहरण. मेलेली पोरे इंग्रजांची होती, म्हणून त्यांचे दुःख आपल्याला नाही असे थोडेच आहे!

अखेर १८ फेब्रुवारी १६६५ हा दिवस उजाडला. शिपमनच्या मागे अधिकारी झालेला हंफ्री कुक हा शंभराच्या आसपास उरलेल्या माणसांसह मुंबईत उतरला. बेटाचा ताबा देण्याचा विधी कुठे झाला? त्याच बंदरावरच्या वाड्यात. तो तेव्हा दोना इग्नेस द मिरांडा या विधवेच्या ताब्यात होता. तिच्या पतीचे नाव दों रॉड्रिगो द मोंसान्तो. लोक तिला बेटाची मालकीण म्हणत. कुकने हातात माती आणि दगड घेतले, बुरुजांवरून फिरला आणि ताबा पुरा झाला. ज्या घरात बसून तिच्या बेटाचे कागद झाले, त्या घराच्या मालकिणीची संमती तहात कुणी मागितली नव्हती. आणि ती माती ज्याने नांगरली होती तो कुणबी तर त्या दिवशी बहुधा फाटकाच्या बाहेरच असणार. माती हातात घेण्याचा विधी झाला. मातीत हात घालणारा त्या कागदात कुठेच नाही.

इंग्रजांच्या हाती काय आले, याचे वर्णन पुढे १६७३ साली मुंबईत आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने केले आहे. घराची जागा छान, पण तटबंदी दुबळी. साऱ्या बेटाच्या रक्षणाला चार पितळी तोफा. घराभोवती मात्र अशी बाग की, हिंदुस्थानात तिच्याइतकी रम्य बाग नाही, असा तिचा लौकिक. फ्रायर येईपर्यंत त्या बागेचे तट आणि बुरुज झाले होते. १६६८ च्या मार्चमध्ये राजाने बेट वर्षाला दहा पौंड खंडावर कंपनीला दिले. हा विनोदाचा विषय खराच. पण विनोद कुणावर? राजाला बेटाचा खर्च परवडेना, त्याने ते झटकले. कंपनीने मात्र राजाला दहा पौंड दिले आणि बेटावरच्या जमीनदारांशी १६७२ साली करार करून दरसाल वीस हजार शेराफिन वसूल करण्याचे ठरवले. आपण दहा पौंडांचा आकडा पाठ केला आणि वीस हजारांचा विसरलो. पहिला आकडा राजा आणि कंपनी यांच्यातला आहे, दुसरा आपल्याकडून गेलेला आहे. करारावर नावे जमीनदारांची. पण ते पैसे झाडाला लागत नव्हते. ते माडाच्या शेंड्यावर चढणाऱ्या भंडाऱ्याच्या, गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या कुणबिणीच्या आणि होडी लोटणाऱ्या कोळ्याच्या घामातून येत होते. बेटाच्या रक्षणासाठी कंपनीने पलटण उभी केली, तीही भंडाऱ्यांची.

पुढची कथा वाड्याची नव्हे, किल्ल्याची आहे. १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी बेटावर उतरला तेव्हा इंग्रज याच किल्ल्यात वर्षभर कोंडून बसले आणि औरंगजेबाची माफी मागून, दंड भरून सुटले. अठराव्या शतकात शहराभोवती तट चढला. कोटाबाहेरचे मैदान मोकळे राखण्याच्या पायी मुंबादेवीचे जुने देऊळही हलवावे लागले. जिच्या नावाने बेट, तिलाच बिऱ्हाड हलवावे लागले! १८६० नंतरच्या दशकात तट पाडले गेले. जुना किल्ला मात्र सरकारी आणि लष्करी कामासाठी राहिला. तिथले एक जुने फाटक आणि एक छायाघडी त्या काळाची साक्ष देत उभी आहेत. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली नौदलाच्या त्या ठाण्याला ‘आंग्रे’ हे नाव दिले गेले. कान्होजी आंग्र्यांचे खांदेरी आणि कुलाबा जिंकण्यासाठी ज्या ठिकाणाहून आरमारे सुटली आणि हात हलवीत परत आली, त्याच ठिकाणी आज कान्होजींचे नाव आहे. इतिहासाने क्वचितच एवढा गोड सूड घेतला असेल. त्याबद्दल नौदलाचे आभार मानावे तेवढे थोडेच.

आता मुद्द्यावर येतो. कुणी म्हणेल, झाले ते झाले, आंदण म्हणा, सौदा म्हणा, त्याने आज काय बिघडते? बिघडते, आणि पूर्वी बिघडलेही आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवू पाहणाऱ्यांचा युक्तिवाद आठवा. मुंबई कुणी बांधली? ज्यांनी भांडवल घातले, व्यापार केला, गिरण्या काढल्या, त्यांनी. मराठी माणूस इथे हमाल, गिरणी कामगार, घरगडी म्हणून आला. त्याचा हक्क कसला? १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. शंभराहून अधिक माणसे त्या लढ्यात गेली, तेव्हा कुठे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या युक्तिवादाची मुळी कुठे आहे? ती या आंदणाच्या गोष्टीत आहे. शहर ही देण्याघेण्याची वस्तू आहे. ज्याच्या हाती कागद त्याचे शहर. राबणाऱ्याचे नाव कागदात नसते, म्हणून त्याचे काही नसते. हीच शिकवण ती गोष्ट हसत हसत देते. ज्या शहराची जन्मकथा ‘कुणी कुणाला दिले’ अशी आहे, ते पुन्हा कुणी तरी कुणाला तरी देऊ शकतो. आज पूर्व किनाऱ्यावरच्या गोद्यांच्या जमिनींचे काय करायचे याच्या योजना होतात. कोळीवाड्यांच्या सीमा आखायच्या तर वर्षानुवर्षे वाद चालतात. अशा वेळी नकाशावर बोट ठेवणाऱ्याच्या मनात कुठली गोष्ट असते, याला महत्त्व आहे.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. ते म्हणतात, कुळांचा इतिहास लिहायला साधने कुठे आहेत? राजांचे तह आहेत, कंपनीची पत्रे आहेत. कुणब्याने काय लिहून ठेवले? गेल्या वर्षी एका व्याख्यानानंतर हा प्रश्न मी स्वतः ऐकला आणि श्रोत्यांनी त्यावर माना डोलावल्या. साधने नाहीत असे नाही. ती वाचायची सवय नाही. महिकावतीची बखर राजवाड्यांनी १९२४ सालीच छापून दिली. या बेटांवरच्या आणि उत्तर कोकणातल्या मराठी माणसांनी आपल्या गावांची, कुळांची, वसाहतीची हकिकत आपल्याच भाषेत सांगितली आहे. ऑर्ताचा ग्रंथ आहे. आणि मुंबईच्या नकाशाहून मोठे साधन कोणते? चिंचपोकळी, फणसवाडी, ताडवाडी, वडाळा ही नावे कुठल्या राजाने दिली? माझगावच्या टेकडीला भंडारवाडा कुणी म्हटले? शहराच्या जमिनीच्या दप्तरात अजून ‘फझिंदारी’ हा शब्द भेटतो, तो पोर्तुगीजांच्या ‘फाझेंद’, म्हणजे जमीनजुमला, या शब्दापासून आला. इंग्रजांनी बेटे बुजवली, टेकड्या खोदल्या, तट बांधले आणि पाडले. ही नावे मात्र कुणाला बुजवता आली नाहीत.

तिसरा आक्षेप आपल्यातल्याच अभिमानी मंडळींचा. ते म्हणतात, पोर्तुगीजांचा वाडा, इंग्रजांचा किल्ला, ज्यूचा ग्रंथ, यांच्याशी आपला संबंध काय? पुसून टाका सारे. मी त्यांना विचारतो, वाडा पोर्तुगीजाचा, पण त्याचा दगड कुणी वाहिला? बाग त्याची, पण तिला पाणी कुणी घातले? पुसून टाकाल तर आपलाच घाम पुसून जाईल. खोताचा वाडा पाडून कुळाचा इतिहास उभा राहत नाही. त्या वाड्याच्या ओसरीवर कुळाची नावे लिहावी लागतात.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत आणि त्या अवघड नाहीत. शाळेत मुंबईची गोष्ट सांगताना लग्नापासून सुरुवात करू नका. कुणबी, माळी, कोळी, भंडारी यांच्यापासून करा आणि लग्न त्याच्या जागी, सौदा म्हणून सांगा. दुसरी मागणी अशी की, त्या जुन्या आवाराचे फाटक वर्षातून एक दिवस, आणि तो दिवस महाराष्ट्र दिनाचा असावा, सर्वसामान्य कुटुंबांसाठी उघडावे. नौदलाला बंदोबस्त राखायचा आहे हे मला कळते. ओळखपत्रे पाहून, नावे नोंदवून, रांगेने सोडा. आपण पोराबाळांना गेटवे ऑफ इंडिया दाखवायला नेतो. ती कमान इंग्रजांचा बादशहा मुंबईत उतरला त्याच्या आठवणीसाठी बांधली. बादशहाची पावले जिथे लागली ती जागा दाखवतो आणि शहराचे बीज जिथे रुजले ती जागा दाखवत नाही, हे आतिथ्य झाले. याला इतिहास म्हणत नाहीत.

तिसरी मागणी एका पाटीची. तिच्यावर गार्सिया द ऑर्ताचे नाव असू द्या. त्याच्या जळलेल्या हाडांना तेवढे तरी देणे आपण लागतो. दोना इग्नेसचेही असू द्या. पण त्यांच्या वर, मोठ्या अक्षरांत, ज्यांची नावे कुठल्याही तहात आली नाहीत त्यांचा उल्लेख हवा : या बेटावर भात लावणारे, माडावर चढणारे, मासे धरणारे, मीठ पिकवणारे आणि खंड भरणारे. फाटकावर आंग्र्यांचे नाव लागले, ते योग्यच झाले. आता आतल्या भिंतीवर कुणब्याचे लागू द्या.